बांगलादेश पोलीस फुटबॉल क्लब: खात्याचा संघ व्यावसायिक लीगमध्ये कसा उभा राहिला

प्रश्न असा आला आहे: बांगलादेशच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये चक्क पोलिसांचा संघ खेळतो, त्याचा इतिहास काय? आणि आपल्याकडे पोलीस, रेल्वे, बँका, विमान कंपन्या यांचे संघ मोठ्या लीगमधून दिसेनासे होत गेले, तर तिथे हा संघ वर कसा चढला?

मी मुंबईत बरीच वर्षं खात्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांना प्रशिक्षण दिलं आहे, आणि ढाक्याचं फुटबॉल तेवढीच वर्षं लक्ष ठेवून पाहत आलो आहे. त्यामुळे नुसत्या तारखा देऊन थांबत नाही, असा संघ आतून कसा चालतो तेही सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. क्लबचं आजचं नाव पाहून हा संघ नवा आहे असं वाटतं. २०१९ च्या आधी बाहेरच्या जगात तो कुणाला फारसा ठाऊक नव्हता, हेही खरं. पण ढाक्याच्या मैदानांवर पोलिसांचा संघ देशापेक्षा जुना आहे. पाकिस्तानच्या काळात, शहर पूर्व पाकिस्तानची राजधानी असताना, ढाका प्रथम श्रेणी लीगमध्ये ‘पोलीस ए.सी.’, म्हणजे पोलीस अ‍ॅथलेटिक क्लब, नियमित खेळायचा. साठच्या दशकातली त्या लीगची यादी काढून पाहा. मोहामेडन, ढाका वाँडरर्स, व्हिक्टोरिया, आझाद स्पोर्टिंग, वारी, रहमतगंज हे मोहल्ल्यांचे आणि हौशी मंडळींचे क्लब. आणि त्यांच्या बरोबरीने पोलीस, फायर सर्व्हिस, रेल्वे, सरकारी छापखाना, औद्योगिक विकास महामंडळ यांचे संघ. निम्मी लीग खात्यांचीच म्हणायची.

त्या काळच्या मुंबईशी हे चित्र किती जुळतं ते जुन्या प्रेक्षकांना सांगायला नको. फुटबॉल खेळून पोट भरत नव्हतं. नोकरी मिळाली की घर चालायचं, आणि चांगला खेळाडू असेल तर नोकरी मिळायची. पोलीस भरतीत धावणारा, उंच, दोन्ही पायांनी मारणारा पोरगा आला की त्याला राखून ठेवायचे. सकाळी संचलन, दुपारी सराव, आणि शहरात काही घडलं की बूट बदलून बंदोबस्ताला. सगळी गणितं त्या नोकरीभोवती फिरायची.

विजेतेपदांच्या यादीत मात्र पोलिसांचं नाव सापडत नाही. पन्नासच्या दशकात वाँडरर्सचा दबदबा होता, मग मोहामेडनचा. खात्यांच्या संघांपैकी खरी मजल मारली ती औद्योगिक विकास महामंडळाच्या संघाने, ज्याला सगळे ईपीआयडीसी म्हणायचे. १९६७, १९६८ आणि १९७० अशी तीन विजेतेपदं. त्यांच्याकडे ज्यूट गिरण्यांचा पैसा होता आणि ते कराचीकडचे मकरानी खेळाडू आणू शकत होते. पोलीस ए.सी.कडे जे होतं ते पोलीस दलातलंच. त्यामुळे तो संघ मधल्या फळीत राहायचा, मोठ्यांना अधूनमधून रोखायचा आणि पुन्हा खाली सरकायचा. माझ्या मते हीच त्याची खरी ओळख होती आणि तिच्यात कमीपणा काही नाही. लीग चालते ती अशा संघांमुळे. दर हंगामात हजर राहणारा, सामना न सोडणारा, कुणाच्या देणगीवर न लटकलेला संघ कुठल्याही लीगला हवाच असतो.

मग १९७१ आलं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यावर हल्ला चढवला, तेव्हा पहिल्या लक्ष्यांमध्ये विद्यापीठ, पिलखाना इथली ईस्ट पाकिस्तान रायफल्सची छावणी आणि राजारबाग पोलीस लाइन होती. राजारबागच्या शिपायांनी थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या रायफली घेऊन रणगाड्यांसमोर प्रतिकार केला. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातला सशस्त्र प्रतिकार तिथून सुरू झाला असं मानतात, आणि आज तिथे पोलिसांचं मुक्तियुद्ध संग्रहालय उभं आहे. फुटबॉलच्या उत्तरात हे का सांगतो? कारण त्या देशात पोलिसांच्या नावाने मैदानात उतरणारा संघ हा इतिहास बरोबर घेऊनच उतरतो. राजारबाग हे नाव तिथे नुसत्या बॅरेकचं उरलेलं नाही.

त्याच वर्षी फुटबॉलपटूंनीही आपल्या परीने लढा दिला. स्वाधीन बांगला फुटबॉल दल नावाचा निर्वासित खेळाडूंचा संघ भारतभर सामने खेळून मुक्तियुद्धासाठी निधी गोळा करत फिरला. झकारिया पिंटू कर्णधार, प्रताप शंकर हाजरा उपकर्णधार. २५ जुलै १९७१ ला कृष्णनगरला नदिया जिल्ह्याच्या संघाशी त्यांचा पहिला सामना २-२ असा सुटला. हा संघ मुंबईलाही आला होता, आणि इथे त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्राच्या बाजूने क्रिकेटचे नवाब मन्सूर अली खान पतौडी खेळले होते. आपल्या शहराचा या कहाणीशी आलेला हा थेट संबंध आज फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

स्वातंत्र्यानंतर पूर्व पाकिस्तानचे पोलीस बांगलादेश पोलीस झाले आणि संघही त्या नावाने खेळू लागला. १९७२ मध्ये अबाहनी क्लब निघाला आणि पुढची वीस वर्षं ढाका शहर अबाहनी-मोहामेडन या एकाच सामन्याने भारलेलं होतं. खात्यांच्या संघांमध्ये ईपीआयडीसीचा वारसा ज्यूट महामंडळाकडे, म्हणजे बीजेएमसीकडे गेला. १९७३ आणि १९७९ ची विजेतेपदं त्यांची. रस्ते वाहतूक महामंडळाचा बीआरटीसी, पाणी-वीज खात्याचा वापदा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा पीडब्ल्यूडी हेही होते. पोलीस त्यांच्यातच, कधी वर, कधी खाली.

त्या काळातली पोलिसांची दुसरी भूमिका विसरून चालणार नाही. गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये कुंपणाशी काठ्या घेऊन उभे राहणारे तेच. सप्टेंबर १९८२ मध्ये अबाहनी-मोहामेडन सामन्यात दंगल झाली आणि लष्करी राजवटीने अबाहनीच्या चार खेळाडूंना थेट तुरुंगात पाठवलं. त्यात काझी सलाउद्दीन होते, पुढे बरीच वर्षं त्यांच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष राहिलेले तेच. ज्या गणवेशाने एका दिवशी खेळाडूंना पकडायचं, त्याच गणवेशातल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूंशी सामना खेळायचा, हे पोलीस संघांचं जगभरचं अवघड जागेचं दुखणं आहे. मी ज्या संघांबरोबर राहिलो तिथेही पंचाच्या एका निर्णयावर प्रेक्षकांतून गणवेशाच्या नावाने ओरड व्हायची. खेळाडूने ते सोसायला शिकावं लागतं, आणि प्रशिक्षकाने त्याला ते शिकवावं लागतं.

आता भारताकडे थोडं वळतो, कारण प्रश्नाचा दुसरा भाग तुलनेचा आहे. पोलिसांच्या संघाने काय करून दाखवता येतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच उपखंडातलं आहे, हैदराबाद सिटी पोलीस. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे प्रशिक्षक. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं त्यांनी मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. कूपरेजवर मोठमोठे संघ येत आणि या शिपायांपुढे हरून जात. हेच रहीम पुढे भारताचे प्रशिक्षक म्हणून १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या स्थानापर्यंत घेऊन गेले. दुसरं उदाहरण केरळ पोलीस. १९८४ मध्ये बांधलेल्या या संघाने १९९० ला गोव्याच्या साळगावकरला हरवून फेडरेशन चषक जिंकला, आणि १९९१ ला मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रला हरवून तो राखला. विजयन, सत्यन, पापच्चन, शरफ अली ही नावं गोवा-मुंबईतल्या त्या पिढीच्या बचावपटूंना अजून आठवत असतील.

या दोन्ही संघांच्या यशात एक गोष्ट सारखी आहे. वर बसलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला खेळाची कळकळ होती, त्याने चांगली पोरं एका हंगामात भरती करून घेतली आणि प्रशिक्षकाला मोकळं सोडलं. आणि दोघांच्या उतरणीतही एक गोष्ट सारखी आहे: ती फळी थकली, बाहेरच्या क्लबांचा पैसा वाढला, आणि खात्याकडे पगाराची श्रेणी सोडून देण्यासारखं काही उरलं नाही. विजयन १९९१ मध्ये मोहन बागानकडे गेला यात त्याचा दोष नव्हता. शिपायाच्या पगारात देशातला सर्वोत्तम आघाडीवीर किती दिवस राहणार?

मग आला क्लब परवाना. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लबांसाठी निकष ठरवले: क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, तिचे हिशेब वेगळे हवेत, खेळाडूंशी करार हवेत, युवा संघ हवेत, मैदान हवं. नोकरीवर घेतलेल्या खेळाडूंचा खात्याचा संघ या चौकटीत बसतच नाही. मुंबईकरांनी याचा फटका पाहिला आहे. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ याच निकषांवर आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून, बाहेर काढले गेले. महिंद्र युनायटेड त्याआधी २०१० मध्येच बंद झाला होता. एका शहरातून तीन संघ तीन वर्षांत गेले आणि त्यांच्याबरोबर शेकडो पोरांची नोकरीची वाटही गेली. मी त्या निकषांच्या विरोधात नाही, हिशेब आणि करार हवेतच. पण नोकरीच्या आधारावर उभ्या असलेल्या फुटबॉलला दुसरा आधार न देता पहिला काढून घेतला, हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

बांगलादेशात व्यावसायिक लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि तिच्याखालची चॅम्पियनशिप लीग २०१२ मध्ये. पोलिसांचा संघ या खालच्या पायरीवर खेळत होता. २०१८-१९ च्या हंगामात बांगलादेश पोलीस फुटबॉल क्लब चॅम्पियनशिप लीगचा विजेता ठरला, उत्तर बारिधारा दुसरा आला, आणि दोघे प्रीमियर लीगमध्ये चढले. त्याच हंगामात वरून खाली आलेल्या दोन संघांमधला एक होता टीम बीजेएमसी. जुन्या काळातला सगळ्यात यशस्वी खात्याचा संघ ज्या दारातून बाहेर पडला, त्याच दारातून पोलीस आत आले.

यामागे ठोस कारण आहे. बीजेएमसीचा संघ ज्यूट गिरण्यांवर उभा होता आणि त्या गिरण्या वर्षानुवर्षं तोट्यात होत्या. २०२० च्या जुलैमध्ये सरकारने उरलेल्या पंचवीस सरकारी गिरण्या बंद करून टाकल्या. मालकाचं घरच बसलं, तर संघ कशावर उभा राहणार? पोलीस दल मात्र बंद पडत नाही. दलाचा विस्तार वाढतच गेला, त्याच्या कल्याण ट्रस्टचे स्वतःचे उद्योग उभे राहिले, २०१९ मध्ये तर ट्रस्टची कम्युनिटी बँकही सुरू झाली. खात्याचा संघ टिकतो की नाही हे मैदानापेक्षा खात्याच्या प्रकृतीवर जास्त ठरतं, हे मला सगळ्या तरुण प्रशिक्षकांना सांगावंसं वाटतं. नोकरी घेताना आधी कंपनीचा ताळेबंद बघा, मग संघाची यादी.

२०१९ चं ढाका आणखी एका गोष्टीने हादरलं होतं. सप्टेंबरमध्ये रॅब, म्हणजे पोलिसांची विशेष रॅपिड अ‍ॅक्शन बटालियन, आणि पोलिसांनी ढाक्यातल्या मतिझीलच्या क्लबपाड्यात छापे घातले. फकिरेरपूल यंग मेन्स, वाँडरर्स, मोहामेडन, व्हिक्टोरिया, आरामबाग अशा जुन्या क्लबांच्या इमारतींमध्ये कॅसिनो सापडले. या क्लबांकडे तिकिटांचं उत्पन्न कधीच आटलं होतं, देणगीदार कमी झाले होते, आणि जागा जुगाराला देऊन मिळणाऱ्या पैशावर गाडा चालत होता. फकिरेरपूलने तर त्याआधी चॅम्पियनशिप लीग जिंकूनही प्रीमियर लीगचा खर्च झेपत नाही म्हणून बढती घेतली नव्हती. म्हणजे एकीकडे शंभर वर्षांचे मोहल्ल्यांचे क्लब पैशाअभावी वाकलेले, दुसरीकडे बसुंधरा किंग्जसारखा मोठ्या उद्योगसमूहाचा क्लब पहिल्याच हंगामात प्रीमियर लीग जिंकणारा. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती: बेताचा पण खात्रीचा पैसा, शिस्त, सरावाची सोय. पोलीस त्या जागेत येऊन बसले.

पण बसण्यासाठी त्यांना स्वतःला बदलावं लागलं, आणि मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. प्रीमियर लीगमधला बांगलादेश पोलीस एफसी हा जुन्या पोलीस ए.सी.सारखा शिपायांचा संघ राहिलेला नाही. खेळाडू करारावर येतात, हंगाम संपला की दुसरीकडे जातात, परदेशी खेळाडू घेतले जातात. श्रीलंकेचे पकीर अली, जे ऐंशीच्या दशकात अबाहनीचे बचावपटू म्हणून ढाक्याचे लाडके होते, ते काही काळ प्रशिक्षक होते. नंतर रुमानियाचे अरिस्तिका चोआबा आले, टांझानियाच्या आझाम क्लबचा अनुभव घेऊन. दलाचं नाव, दलाचा पाठिंबा, दलाचे पदाधिकारी. पण मैदानावरचे अकरा जण बाजारातून आलेले. जुन्या लोकांना हे खटकतं. ते विचारतात, मग यात पोलिसांचं काय राहिलं? मला हा प्रश्न रास्त वाटतो, तरी माझं उत्तर ठरलेलं आहे: भारतात आम्ही नोकरीचा साचा शेवटपर्यंत धरून ठेवला आणि संघ गमावले, त्यांनी साचा सोडला आणि संघ राखला.

पहिला प्रीमियर हंगाम त्यांना धड मिळालाच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लीग सुरू झाली, मार्चमध्ये कोरोनाने थांबली आणि मे महिन्यात रद्द झाली. विजेता नाही, पदावनती नाही. नव्याने चढलेल्या संघासाठी ही एक प्रकारे सवलत होती. वरच्या पातळीचा वेग काय असतो हे कळलं आणि त्याची किंमत मोजावी लागली नाही. पुढे २०२१ पासून ढाक्याचं राष्ट्रीय स्टेडियम नूतनीकरणासाठी बंद झालं आणि लीग कुमिल्ला, मुन्शीगंज, राजशाही, मयमनसिंह, गोपालगंज अशी जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. ‘घरचं मैदान’ म्हणजे बसने तासन्‌तास प्रवास. मोठ्या क्लबांची खरी ताकद असलेले राजधानीतले प्रेक्षक त्यातून विखुरले. ज्यांना मुळात प्रेक्षकांचा आधार नव्हता त्या संघांचं यात सगळ्यात कमी नुकसान झालं, असं माझं निरीक्षण आहे.

२०२२-२३ चा हंगाम त्यांचा सर्वोत्तम. बसुंधरा किंग्ज सलग चौथ्यांदा विजेते, अबाहनी दुसरे, आणि तिसरे बांगलादेश पोलीस, मोहामेडनच्या वर. चोआबांच्या संघात चमकधमक नव्हती. एक मांडणी, एकमेकांना ओळखणारी बचावफळी आणि पुढे दोन-तीन परदेशी पाय. मधल्या बजेटच्या संघाला तिसरं स्थान मिळवून देणारा रस्ता जवळपास हाच असतो: खालच्या संघांविरुद्ध गुण सोडायचे नाहीत, आणि मोठ्यांसमोर फार मोठ्या फरकाने कोसळायचं नाही. त्या संघाचा डावा बचावपटू ईसा फैसल त्याच वर्षी राष्ट्रीय संघातून बंगळुरूच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धेत खेळला, जिथे बांगलादेश उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि जादा वेळेत कुवेतकडून एका गोलने हरला. ज्यांनी ते सामने आपल्याकडे पाहिले, त्यांनी पोलीस क्लबचा एक खेळाडू पाहिलेला आहे.

मग ५ ऑगस्ट २०२४. शेख हसीनांचं सरकार कोसळलं. आंदोलनावर झालेल्या गोळीबाराचा राग पोलिसांवर निघाला. देशभर ठाणी जाळली गेली, पोलीस मारले गेले, आणि पुढचे काही दिवस दल कामावरच नव्हतं. फुटबॉलही त्यातून सुटलं नाही. धानमंडीतल्या अबाहनी क्लबची मोडतोड झाली. शेख जमाल आणि शेख रसेल हे सत्ताधारी कुटुंबाच्या नावाचे दोन क्लब नव्या हंगामात उतरलेच नाहीत. अशा वेळी छातीवर ‘पोलीस’ लिहिलेला संघ मैदानात उतरणं सोपं नव्हतं. पण तो उतरला, २०२४-२५ चा हंगाम खेळला. लोकांचा राग समजण्यासारखा आहे आणि त्या गोळीबाराचा जाब विचारला गेलाच पाहिजे. त्याचबरोबर, कराराने आलेला एखादा बावीस वर्षांचा विंगर त्या रागाचा धनी होऊ नये, असंही मला मनापासून वाटतं. संघ चालू राहिला म्हणून ती पोरं बेरोजगार झाली नाहीत, हे मी छोटं मानत नाही. त्या वर्षी ढाक्यातल्या बऱ्याच खेळाडूंना मिळेल त्या पैशावर सही करावी लागली होती.

राहिला शेवटचा भाग, आपल्याकडे असं होऊ शकतं का. पोलिसांचे क्लब जगात अजून आहेत. नेपाळ पोलीस क्लबने तिथली लीग अनेकदा जिंकली आहे, केनिया पोलीस २०२४-२५ मध्ये त्यांच्या देशाचे विजेते झाले, बगदादचा अल-शोर्ता तर इराकमधल्या सर्वात बलवान क्लबांपैकी एक आहे. तेव्हा कल्पना कालबाह्य झालेली नाही. आपल्याकडे अडचण मनुष्यबळाची नाही. अखिल भारतीय पोलीस स्पर्धांमध्ये राज्याराज्यांचे दमदार संघ आजही दिसतात. अडचण अशी आहे की संघ क्रीडा शाखेच्या एका टेबलावर चालतो. साहेबांची बदली झाली की नवे साहेब येतात, त्यांना कबड्डी आवडते, आणि फुटबॉलचा सराव बंदोबस्ताच्या यादीत विरघळून जातो. ढाक्याने क्लब म्हणून वेगळी चूल मांडली, बाहेरचा प्रशिक्षक करारावर आणला आणि एकाच माणसाला सलग काही हंगाम काम करू दिलं. महाराष्ट्रात कुणी अधिकारी हे मनावर घेणार असेल, तर माझा सल्ला आहे की खेळाडूंच्या आधी प्रशिक्षकाचा तीन वर्षांचा करार करा, आणि तो क्लबच्या नावाने करा, पदाच्या नावाने नको. भरतीचा खेळाडू कोटा त्याच्या जोडीला ठेवता येतो: सतराव्या वर्षी क्लबच्या युवा संघात, आणि पंचविशी उलटल्यावर ज्याला पुढची लीग जमणार नाही त्याला खात्यात नोकरी. बांगलादेश पोलिसांनी हा दुसरा भाग प्रीमियर लीगमध्ये आल्यावर मागे टाकला, असं मला दिसतं. आपल्याला दोन्ही एकत्र ठेवता आले, तर ओएनजीसी-एअर इंडियाच्या वेळी जी पोरं रस्त्यावर आली तशी पुन्हा येणार नाहीत.